गर्जणारे मेघ, वर्षणारे मेघ

संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, करपद्धती, वाहतुकीच्या अडचणी इत्यादी विषयांवर जाणकार मंडळींचे लेख येतात, आणि ते आलेच पाहिजेत. यंदा संपादक मंडळाच्या अनुज्ञेने आम्ही थोड्या निराळ्या विषयास हात घालीत आहोत. माणसांच्या स्वभावाचे प्रकार कोणते, त्यांपैकी कोणता स्वभाव पुढारीपणास योग्य, आणि तरुणांच्या मनात उमेद जागविण्याचे काम कोणत्या प्रकृतीच्या माणसाकडे सोपवावे, हा तो विषय. वरवर पाहता हा मानसशास्त्रज्ञांचा प्रांत आहे. परंतु ज्या व्यापाऱ्यास गुमास्ता पारखून घ्यावा लागतो, उधारी देताना समोरच्याची नियत ओळखावी लागते आणि एके दिवशी पेढीची गादी तीन मुलांपैकी एकाच्या हाती द्यावी लागते, त्यास हा विषय परका कसा म्हणावा?

लेखास निमित्त घडले ते असे. २०१८ साली आपल्या संघाने तरुण व्यापाऱ्यांसाठी एक शिबिर भरविले होते. बाहेरगावाहून एक प्रेरक व्याख्याते आले. त्यांनी मुलांकडून छापील प्रश्नपत्रिका भरून घेतली आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचा दाखला ठेवला. आपल्या एका लोखंडी सामानाच्या व्यापारीबंधूंचे चिरंजीव त्या शिबिरात होते. वय बावीस, बोलणे अत्यल्प, मान किंचित खाली घालून वावरणारा मुलगा. त्याच्या दाखल्यात तो ‘अंतर्मुख’ असून नेतृत्वास व विक्रीच्या कामास अनुकूल नाही, असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील तो कागद घेऊन आमच्याकडे आले. ‘‘अण्णा, एवढं वाचून बघा. ह्याला आता गल्ल्यावर बसवू का वहीवर?’’ एवढेच ते म्हणाले. पुतण्या बोलका आहे, दुकान त्याच्याकडे द्यावे आणि मुलाने हिशेब लिहीत बसावे, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला होता. तो मुलगा दाराशीच उभा होता आणि त्याने सारे ऐकले. एका छापील कागदाने बापलेकांमध्ये एवढे अंतर पाडावे, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली.

माणसांची स्वभावावरून वर्गवारी करण्याचा खटाटोप अर्थातच फार जुना आहे. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार रसांवरून चार प्रकृती कल्पिल्या आणि दुसऱ्या शतकातील गॅलेन या वैद्याने त्या विचारास व्यवस्थित रूप दिले. आपल्याकडील वात-पित्त-कफ आणि सत्त्व-रज-तम सर्वांस ठाऊक आहेत. आधुनिक काळात स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावप्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अंतर्मुख व बहिर्मुख हे शब्द जगभर झाले. त्यांच्या विचाराच्या आधारे अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी प्रश्नावली रचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कोणता माणूस कोणत्या कामास जुळेल हे पाहण्यासाठी, तिचा आरंभ झाला. तीत मनुष्यमात्राचे सोळा प्रकार केले आहेत. या मायलेकींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. यास्तव त्यांचे काम टाकाऊ ठरते असे आम्ही म्हणत नाही. आमच्या बाजारातील उत्तम पारखी मंडळी तरी कोणत्या विद्यापीठात गेली होती? परंतु त्या प्रश्नावलीची मोठी अडचण निराळीच आहे. काही आठवड्यांनी तीच पत्रिका पुन्हा भरली, तर पुष्कळ माणसांचा प्रकार बदललेला आढळतो. युंग यांनाही निखळ अंतर्मुख किंवा निखळ बहिर्मुख माणूस असतो असे मान्य नव्हते. बहुतेक माणसे मध्ये कोठेतरी असतात. तराजूचा काटा मध्यावर थरथरत असताना एका पारड्याचे नाव देऊन मोकळे व्हावे, तसा हा प्रकार आहे.

याहून मौजेची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९४८ साली अमेरिकेतील बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या अध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकास त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते यास पाचांपैकी गुण द्यावयास सांगितले. सरासरी गुण चारांहून अधिक पडले. मग उघड झाले की सर्वांस दिलेले वर्णन एकच होते, आणि त्यातील बरीच वाक्ये बाजारात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती! ‘तुमच्यात मोठी शक्ती आहे, पण तिचा पुरता उपयोग झालेला नाही’ अशा धाटणीचे वाक्य कोणास पटणार नाही? शिबिरातील दाखल्यांवर मुले एवढी खूश का झाली होती, याचा उलगडा आम्हांस ही हकीकत वाचल्यावर झाला.

आता आपल्या परंपरेकडे वळू. स्थानांगसूत्र या आगमग्रंथात वस्तूंची गणना एक, दोन, तीन अशा संख्यांच्या क्रमाने केलेली आहे. (आगमांच्या मान्यतेविषयी आपल्या दोन्ही संप्रदायांत मतभेद आहेत हे आम्ही जाणतो, येथे केवळ व्यवहारज्ञान म्हणून त्याकडे पाहावे.) त्याच्या चौथ्या स्थानात माणसांच्या चौभंगी दिल्या आहेत, आणि त्या वाचताना बाजारात उभे राहून कोणी सूक्ष्म नजरेने माणसे न्याहाळीत होते की काय, असे वाटते. मेघ चार प्रकारचे. एक गर्जतो पण वर्षत नाही, दुसरा वर्षतो पण गर्जत नाही, तिसरा दोन्ही करतो, चौथा दोन्हीही करीत नाही. त्याचप्रमाणे पुरुष चार प्रकारचे. आणखी एक भेद असा की कोणी मेघ शेतावर वर्षतो, उजाड जागी वर्षत नाही. कोणी उजाड जागीच रिता होतो. घागरींचेही चार प्रकार सांगितले आहेत: आत मध व झाकणही मधाचे, आत मध पण झाकण विषाचे, आत विष पण झाकण मधाचे, आणि आतबाहेर विषच. व्यापारात उभा जन्म घालविलेल्या माणसास या चारही घागरी भेटलेल्या असतात. तिसरीने बुडविलेले असते, आणि दुसरीची पारख व्हावयास उशीर झाल्याची खंत असते.

या वर्गवारीत आणि छापील प्रश्नपत्रिकेत आम्हांस एक मूलभूत भेद दिसतो. प्रश्नपत्रिका माणसास विचारते की तू स्वतःस कसा समजतोस. सूत्रातील चौभंगी विचारते की याच्या बोलण्याचा आणि करणीचा मेळ कसा आहे. गर्जना हा दोष ठरविलेला नाही आणि मौन हाही गुण ठरविलेला नाही. पाऊस पडला की नाही, एवढाच प्रश्न आहे. शिवाय जैन विचारात स्वभाव म्हणजे दगडावर कोरलेले नाव नव्हे. लेश्या सहा, कृष्णापासून शुक्लापर्यंत. जांभळाच्या झाडापाशी आलेल्या सहा वाटसरूंची गोष्ट आपण पाठशाळेत ऐकलेली आहे: कोणी झाड मुळापासून तोडू पाहतो, तर कोणी खाली पडलेली जांभळे वेचतो. परंतु लेश्या परिणामांनुसार पालटते. आज फांदी तोडणारा उद्या फळे वेचणारा होऊ शकतो. नाहीतर उपदेशास तरी काय अर्थ उरला असता?

पुढाऱ्याच्या दृष्टीने त्याच ग्रंथातील क्रोध व मान यांविषयीचे दृष्टांत तर विशेष मोलाचे आहेत. क्रोध चार परींचा: पर्वतावरील भेगेसारखा, जमिनीवरील भेगेसारखा, वाळूतील रेघेसारखा आणि पाण्यावरील रेघेसारखा. मानही चार परींचा: दगडी खांबासारखा, हाडासारखा, लाकडासारखा आणि वेलीसारखा. ज्याच्या हाताखाली दहा हमाल, चार गुमास्ते आणि दोन भाऊ आहेत, त्यास राग येणारच. हमालाने पोते फोडले, तर रागावू नये असे कोण म्हणेल? परंतु दुपारचा राग संध्याकाळच्या हिशेबापर्यंत टिकला की दुकान मोडावयास लागते. आमच्या पाहण्यात ज्या भाऊबंदांच्या पेढ्या फुटल्या, त्यांत तोट्यामुळे फुटलेल्या थोड्या आणि जमिनीवरील भेग न बुजल्यामुळे फुटलेल्या अधिक. पुढारी निवडताना तो बोलका आहे की अबोल हे विचारण्याऐवजी, त्याचा राग किती वेळ टिकतो आणि चूक दाखविली असता त्याची मान लवते की नाही, हे पाहावे, असे आमचे मत होत चालले आहे.

उदाहरणांसाठी दूर जावयास नको. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे गर्जणारे आणि वर्षणारेही. रेल्वेच्या ठेकेदारीतून वर आलेल्या या गृहस्थांनी १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज सहकाऱ्यांसह विकत घेतले आणि त्या वर्षी ५ एप्रिलला ते मुंबईहून लंडनकडे निघाले. जहाज व्यापारास फारसे सोयीचे नव्हते आणि चार वर्षांत ते मोडीतही निघाले. पण सिंदिया कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल हा दिवस देशात नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९४० साली बंगळुरास विमानांचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी, १९४४ साली मोटारींचा कारखाना. हिशेबी माणसाने यांतील एकही काम आरंभिले नसते. तथापि वालचंदांच्या भोवती नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार होते, हेही विसरून चालत नाही. झेप घेणाऱ्यास पाय रोवून उभा असलेला कोणीतरी लागतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकास अहमदाबादचे शेठ कस्तुरभाई लालभाई (१८९४–१९८०). मितभाषी म्हणून त्यांची ख्याती. १९३१ साली अरविंद मिल, १९४७ साली वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था ‘अटिरा’, १९६१ साली अहमदाबादेतील व्यवस्थापन संस्था, आणि याखेरीज आणंदजी कल्याणजी पेढीच्या द्वारे राणकपूरसारख्या मंदिरांचा जीर्णोद्धार. या कामांची यादी वाचली तर वाटावे की हा माणूस सभा गाजवीत हिंडला असेल. तसे काही नव्हते. हा वर्षणारा, न गर्जणारा मेघ.

आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांस कोणत्या खान्यात घालावे? १८८७ साली कुंभोज येथे जन्म, शालेय शिक्षण अर्धवट, कुस्तीचा शौक. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहातून त्यांस विद्यार्थीदशेतच बाहेर पडावे लागले, कारण अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले होते. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत त्यांनी खेडी पालथी घातली. एखाद्या चाचणीने त्या काळी त्यांस ‘हूड, शिस्तीस अयोग्य’ असा दाखला खचित दिला असता! त्याच हूडपणातून १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसू लागली. कंदील विकताना खेड्यांत जे दैन्य पाहिले, तेच पुढे त्यांच्या कामाचे भांडवल झाले असावे, असे आम्हांस वाटते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने विकले. हे नेतृत्व कोणत्या प्रकारात मोडते, तेही तज्ज्ञांनी सांगावे.

पाश्चात्त्य संशोधकही याच निष्कर्षाकडे येत गेले. राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ साली, तोवर झालेल्या शंभराहून अधिक अभ्यासांची छाननी करून दाखविले की अमुक गुणांची बेरीज म्हणजे पुढारी, असे गणित मांडता येत नाही. प्रसंग आणि अनुयायी यांच्या संबंधातच पुढारीपण ठरते. त्याआधी कुर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांकडून मुखवटे बनवून घेऊन एक प्रयोग केला होता. हुकूम सोडणाऱ्या प्रमुखाच्या गटात तो समोर असेतो काम चाले; तो खोलीबाहेर गेला की हात थांबत. विचारविनिमय करणाऱ्या प्रमुखाच्या गटात त्याच्या पाठीमागेही काम चालू राही. आणि ज्याने सारेच मुलांवर सोडले, त्याच्या गटात काम सर्वांत कमी झाले. मालक वसुलीस परगावी गेला असता आपल्या दुकानात काय चालते, याचा प्रत्येकाने मनाशी विचार करून पाहावा. २०११ साली अमेरिकेतील पिझ्झाच्या दुकानांचा जो अभ्यास झाला, त्यात असे आढळले की नोकर स्वतः होऊन काही सुचविणारे नसतील तेथे बोलका प्रमुख अधिक नफा मिळवितो. नोकर सुचविणारे असतील तेथे शांत प्रमुख सरस ठरतो, कारण तो ऐकून घेतो.

शिकविण्याच्या बाबतीत तर आम्ही शिकविणाऱ्याचाच विचार फार करतो आणि ऐकणाऱ्याचा मुळीच करीत नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, जिनसेनाचार्यांनी आदिपुराण रचले. त्याच्या आरंभीच श्रोत्यांचे चौदा प्रकार सांगितले आहेत. कोणी मातीसारखा, ओला असेतो मऊ आणि वाळला की कठीण. कोणी चाळणीसारखा, सार सोडून कोंडा राखणारा. कोणी पोपट, ऐकले तेवढेच बोलणारा. कोणी म्हैस, पाण्यात उतरून सारे गढूळ करणारी. फुटका घडा, डांस, जळू, दगड, साप असे आणखीही आहेत. गाय आणि हंस हे उत्तम. गाय गवत खाऊन दूध देते आणि हंस सार तेवढे घेतो. सांप्रतच्या प्रेरक व्याख्यानांत टाळ्या फार पडतात. आमच्याच शिबिरात त्या पडल्या, आम्हीही वाजविल्या. परंतु महिन्याभराने चौकशी केली तेव्हा रोजमेळ रोजच्या रोज मिळविण्याचा निश्चय केलेल्यांपैकी फार थोडे टिकून होते. माती वाळली होती. यात व्याख्यात्यांचा दोष अर्धाच. उरलेला आमच्या कार्यकारिणीचा, कारण ओलावा टिकविण्याची तजवीज आम्ही केली नव्हती.

आम्हांस ज्यांनी शिकविले त्यांचे नाव येथे देत नाही. ते प्रसिद्धीपराङ्मुख होते. रविवार पेठेतील आमच्या वडिलांच्या गूळ-किराण्याच्या अडतीवर ते दिवाणजी होते. रात्री कीर्द मिळाली नाही तर ते रागावत नसत. चष्मा पुसून ‘‘पुन्हा एकदा बेरीज करू या’’ म्हणत आणि आमच्याबरोबर बसून राहत. एका रुपयासाठी दीड तास बसल्याचे आम्हांस स्मरते. वसुलीच्या कामी आमचे चुलते मोठ्या आवाजाचे, ते जात आणि बहुधा भांडण घेऊन येत. दिवाणजी गेले की घेणेकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याचीच वही उघडीत, आणि हप्ते बांधून घेऊन परतत. त्यातील दोन घराणी आजही आमची गिऱ्हाईके आहेत. मात्र सत्य सांगावयाचे तर, बाजार नव्या यार्डाकडे सरकू लागला तेव्हा तेथे गाळा घेण्यास दिवाणजींचा ठाम विरोध होता. त्यांचे ऐकले असते तर आमची पेढी आज उरली नसती. गाळा घेतला तो त्या मोठ्या आवाजाच्या चुलत्यांनीच, एका सकाळी, कोणास न विचारता.

त्या लोखंडी सामानाच्या व्यापारीबंधूंस आम्ही त्या दिवशी काहीच निश्चित उत्तर देऊ शकलो नाही. कागद बाजूस ठेवा आणि वर्षभर थांबा, एवढेच सांगितले. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये जिल्ह्यात महापूर आला. संघाच्या गोदामात धान्य, चादरी, औषधे यांचा ढीग पडू लागला आणि कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नाही. आमचे बोलके कार्यकर्ते पेठेत फिरून मदत गोळा करीत होते, आणि ती त्यांच्यामुळेच गोळा झाली, यात शंका नाही. गोदामात मात्र तिसऱ्या दिवसापासून हा मुलगा एक जुनी वही घेऊन बसलेला दिसू लागला. कोणत्या गावास किती पोती गेली, कोठे दुसऱ्यांदा गेली, कोठे अजून गेलीच नाहीत, हे त्याच्याजवळ लिहिलेले होते. ट्रक भरण्यापूर्वी लोक त्यास विचारू लागले. त्याने कोणास हुकूम केल्याचे आम्ही पाहिले नाही. एकदा एका वजनदार सभासदाने आपल्या ओळखीच्या गावाकडे गाडी वळविण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्याने वही फक्त त्यांच्यापुढे सरकविली. गाडी वळली नाही.

तरुणांचा वर्ग आता संघाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी भरतो. बोलण्याचे काम पुतण्या करतो आणि ते तो सुरेख करतो. त्याचे बोलणे झाले की मुले मागच्या खोलीत या मुलाजवळ वह्या घेऊन जातात, आणि ती खोली सहसा अकरापूर्वी रिकामी होत नाही. वर्गाचा वार्षिक अहवाल यंदा त्यानेच लिहिला. सभेत वाचून दाखविण्यास मात्र तो तयार झाला नाही, म्हणून चिटणिसांनी वाचला. वडिलांनी दुकान अद्याप कोणाच्याच नावे केलेले नाही. गल्ल्यावर सकाळी पुतण्या बसतो, दुपारी मुलगा.